वारा पडेल, उद्या बघू : नाक्सोसहून बोट ठरवतानाचा माझा अनुभव

गेल्या जुलैत आम्ही ग्रीसला गेलो होतो, नाक्सोस बेटावर. नेदरलँड्समधली दोन मराठी कुटुंबं आणि भारतातून आलेले माझे सासरे, वय 71, मुरुडकडचे, त्यामुळे बोटीतलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा समज (आणि शेवटी तो खराच निघाला, पण ते पुढे). एक दिवस खाजगी बोट करायची आणि नाक्सोसच्या आग्नेयेला ती लहान लहान बेटं आहेत ना, कुफोनिसी, स्किनुसा, इराक्लिया, ती बघून संध्याकाळी परत यायचं, एवढाच प्लॅन. फेरीबोटीनं पण जाता येतं तिकडे, पण एका दिवसात दोन-तीन बेटं आणि मध्येच पाण्यात उडी मारायला थांबणं हे फेरीनं होत नाही.

बुकिंग सोपं होतं. एका एजन्सीशी ईमेल झाले, आठ तासांचे 1,100 युरो, कॅप्टनसकट, इंधन वेगळं, 30 टक्के आगाऊ. पैसे भरले, पासपोर्टवरची नावं आणि नंबर पाठवले, झालं. फक्त एक, बाळ पण माणूस धरतात हं! आम्ही आठ जण म्हणून बोट घेतली, आणि मैत्रिणीचं दीड वर्षाचं पिल्लू नववं निघालं, परवान्यावर प्रवासी आठच, मग मोठी बोट घ्यावी लागली. 1,100 हा त्या मोठ्या बोटीचाच भाव. तर आधीच मोजून सांगा, मांडीवर बसेल वगैरे चालत नाही.

आता खरी कटकट. बोट गुरुवारची होती. बुधवारी संध्याकाळी एजन्सीचा मेसेज, वारा जास्त आहे, रात्री नऊला कळवतो. नऊला मेसेज, सकाळी सातला कळवतो. आम्ही साडेपाचला उठून तिखटमिठाच्या पुऱ्यांचे डबे भरले, टोप्या, क्रीम, बाळाचं सामान, सगळे तयार होऊन गॅलरीत बसलो. बाहेर काय तर लख्ख निळं आकाश, ढगाचा एक ठिपका नाही. मी म्हटलं हे काय थट्टा करतायत का. आपल्याला खराब हवामान म्हणजे काळे ढग आणि पाऊस एवढंच माहीत, गेटवेहून मांडव्याची लाँच बंद होते ती पावसाळ्यात. इथे उलटं. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो, बाल्कनकडे हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानच्या बाजूला कमी, त्यामुळे एजियन समुद्रावरून तो नुसता धावत खाली येतो, आणि आकाश मात्र स्वच्छ. सव्वासातला मेसेज आला, आज नाही, उद्या वारा पडेल.

शुक्रवारी परत तेच. परत पुऱ्या. (त्याच पुऱ्या.) सातला मेसेज आलाच नाही, आठला फोन केला तर बाई म्हणाली दहापर्यंत थांबा, दहाला म्हणाली लहान बेटांकडे नाही जाता येणार पण नाक्सोसच्याच दक्षिण किनाऱ्यानं फिरवतो, तिथे एक समुद्री गुहा आहे, छान आहे. भाव तोच. नको असेल तर पैसे परत द्या म्हटलं, तर म्हणे बंदरानं बंदी घातलेली नाही, कॅप्टन यायला तयार आहे, म्हणजे रद्द तुम्ही करताय. तेव्हा पहिल्यांदा मी तो करार नीट वाचला. त्यात लिहिलं होतं, 6 बोफोर्ट किंवा जास्त वाऱ्याला बंदर अधिकाऱ्यांनी लहान बोटींना बंदी केली तरच पूर्ण परतावा, त्याच्या खाली असेल तर मार्ग बदलायचा अधिकार कॅप्टनचा. 6 बोफोर्ट म्हणजे 22 ते 27 नॉट, ताशी 40-50 किलोमीटर. त्या दिवशी होता 5. म्हणजे बंदी नाही, आणि बेटं पण नाहीत! ही मधली 5 ची पट्टी आहे ना, तिच्यातच सगळे अडकतात, आणि आगाऊ भरताना ही ओळ आपल्याला कोणी वाचून दाखवत नाही. तुम्ही आधी विचारून घ्या, ठरलेली बेटं झाली नाहीत तर किती पैसे कमी करणार, आणि उत्तर ईमेलवर घ्या, फोनवर नको.

मी दिवसभर चिडलेली. फोनवर विंडी हे वाऱ्याचा अंदाज दाखवणारं ॲप दर दहा मिनिटांनी उघडायचं, लाल दिसला की हळहळायचं, नवऱ्याला म्हणायचं तूच ही एजन्सी शोधलीस. रविवारी सकाळी आमची पिरेयसची, म्हणजे अथेन्सच्या बंदराची, फेरीबोट, म्हणजे राहिला फक्त शनिवार.

संध्याकाळी सासरे म्हणाले, "अगं, ऑफिसातल्या बाईला काय विचारतेस, तांडेलाला विचार ना." तांडेल म्हणजे बोट चालवणारा. मी म्हटलं बाबा, इथे तांडेल कुठे शोधू. तर ते चपला घालून निघालेच, आगिआ आन्नाच्या लहानशा धक्क्यावर, मी मागोमाग. बोटीचं नाव करारावर होतंच. म्हातारा कॅप्टन तिथेच दोर गुंडाळत बसलेला. इंग्रजी मोडकं, पण पाच मिनिटांत त्यानं जे सांगितलं ते एजन्सीनं तीन दिवसांत सांगितलं नव्हतं. म्हणे जाताना काहीच प्रश्न नाही, वारा पाठीवर असतो. प्रश्न परत येण्याचा. दक्षिणेकडून वळून पश्चिम किनाऱ्यानं वर यायचं म्हणजे वारा थेट तोंडावर, आणि नाक्सोस आणि शेजारच्या पारोस बेटाच्या मधल्या खाडीत तो अजून जोरात घुसतो, त्याच किनाऱ्यावरच्या मिक्री विग्लाला ते काइटसर्फिंगवाले उगाच नाही जमत. आणि वाढतो दुपारनंतर. मग ठरलेली वेळ दहा ते सहा का? तर म्हणे पर्यटकांना लवकर उठायला नको असतं. साडेसहाला याल का? दोनच्या आत आणून सोडतो, इराक्लिया सोडून द्या. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मराठीतच म्हणाले येतो की. ठरलं. एजन्सीला आम्ही फक्त कळवलं. एक बेट कमी झालं म्हणून पैसे कमी करा म्हटलं, चार ईमेल झाले, शेवटी 200 युरो कमी केले.

शनिवार सुंदर गेला, त्याबद्दल काय लिहू. तासाभरात कुफोनिसी. खडकात समुद्रानं कोरलेलं गोल कुंड आहे तिथे, पोरं त्यातून बाहेरच येईनात. समोर केरोस दिसतं, तिथे उतरायला बंदी आहे, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वी लोक तिथे संगमरवराच्या मूर्ती मुद्दाम फोडून आणून टाकायचे आणि कशासाठी ते अजून नक्की कोणाला सांगता येत नाही. अथेन्सच्या म्युझियममध्ये हार्प वाजवणारा तो छोटा दगडी माणूस आहे ना, तो इथलाच असं मानतात. आम्ही तो आठवड्याआधीच बघितला होता, त्यामुळे ते उघडंबोडकं बेट बघून अंगावर काटा आला. मग स्किनुसाला लवकर जेवण, तिथला फावा प्रसिद्ध आहे, म्हणजे आपलं घट्ट वरण, वरून कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. बाबांनी दोन प्लेट खाल्ल्या आणि भात मागितला.

येताना मिक्री विग्लापासून पुढे बोट जी आपटायला लागली, बापरे. आमची रिब होती, म्हणजे कडेनं हवा भरलेल्या रबरी ट्यूबची, वेगानं जाते पण लाटेवर धाड धाड बसते. कंबर-मणक्याचा त्रास असलेल्यांना पुढे अजिबात बसवू नका, मागे इंजिनजवळ धक्के कमी बसतात. आणि हिच्यात टॉयलेट नसतं, हे बुक करताना मला कळलंच नव्हतं. वयस्कर माणसं असतील तर सरळ कैकी (तिकडची पारंपरिक लाकडी बोट) किंवा कॅटामरान (जोड-बुडाची बोट) घ्या, हळू जाते, एखादं बेट कमी होईल. उलटीची गोळी निघायच्या आधी घ्यायची, मैत्रिणीनं सुरू झाल्यावर घेतली, उपयोग शून्य. इंधन 160 युरो झालं, पावती मागितल्यावर कॅप्टननं पंपावरचीच दाखवली.

आणि हो, बोट नेहमी मुक्कामाच्या पहिल्या दिवशीची ठरवा, शेवटच्या नाही. आमची गुरुवारची होती म्हणून दोन दिवस सरकवता तरी आली.

पावणेदोनला धक्क्याला लागलो. तीन वाजता गॅलरीतून पाहिलं तर अख्खी खाडी पांढरी झालेली. चारला एजन्सीचा मेसेज, काल आपोआप पाठवायचा ठेवलेला असावा : आज वारा आहे, उद्या पडेल, सकाळी सातला कळवतो.