दिल्लीत निर्वासितांचे उपचार नेमके कुठे अडकतात

भारताने १९५१चा निर्वासित करार स्वीकारलेला नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तरीही सरकारी रुग्णालयाची ओपीडी त्यांना बंद नाही. मदनपूर खादरच्या झोपड्यांतले रोहिंग्या, विकासपुरीतले म्यानमारच्या चिन समाजाचे लोक, भोगल-लाजपतनगरमधले अफगाण, बहुतेकांचा आधार तोच. औषधं मिळतातही. घोडं अडतं ते आधी नोंदणीच्या खिडकीवर आणि मग पुढच्या तारखेला.

खिडकीवर आधार कार्ड मागतात. तिथे यूएनएचसीआरचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं, कार्ड दाखवा, झेरॉक्स सोबत ठेवा. अनेकांना आडनाव नसतं, त्यामुळे दर खेपेला नावाचं स्पेलिंग बदलतं आणि जुना रिपोर्ट सापडत नाही. पहिल्याच चिठ्ठीवर कार्डावरचंच स्पेलिंग लिहून घ्या आणि कार्डाचा क्रमांक प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात टाका. सगळ्या कागदांचे फोटो दोन वेगळ्या फोनमध्ये हवेतच. २०१८ आणि २०२१ साली इथल्या रोहिंग्या वस्तीला आग लागली. अशा आगीत घराबरोबर उपचारांचा इतिहासही जळतो.

जीव धोक्यात असेल तर कागदांसाठी थांबायचं कारण नाही. तातडीचे उपचार नाकारणं हा राज्यघटनेच्या कलम २१चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालमधल्या एका शेतमजुराच्या खटल्यात सांगितलं. हे कलम फक्त नागरिकांपुरतं नाही. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना हे शांतपणे सांगता आलं पाहिजे.

दुभाषी निवडताना देश नव्हे, भाषा विचारा. रोहिंग्या म्यानमारचे म्हणून बर्मी बोलणारा माणूस आणला तर अनेकांना, विशेषतः बायकांना, काहीच कळत नाही. चिन लोकांतही हाखा, फलाम, तेदिम असे भेद आहेत. अफगाणांना दारी की पश्तो, हे आधीच विचारा. शाळेत हिंदी शिकलेल्या पोराला आईचा दुभाषी करू नका. त्याच्यासमोर ती अंगावरून जाण्याबद्दल बोलणार नाही. शेवटी गोळ्या कशा घेणार, हे रुग्णाच्या तोंडून वदवून घ्या. नुसत्या होकारावर विसंबू नका.

सगळ्यात जास्त लक्ष क्षयरोगाकडे हवं. साधा, औषधांना दाद देणारा क्षय सहा महिन्यांत बरा होतो: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, रोज. गोळ्या वजनावर ठरतात. ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ला चार. वजन वाढलं की डोसही तपासावा लागतो. यातल्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवी नारिंगी होते. हे आधी सांगितलं नाही तर रक्त जातंय समजून गोळ्या बंद होतात. याच औषधामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, म्हणून बाईला दुसरं साधन सुचवायलाच हवं. रमजानमध्ये डोस चुकतात. गोळ्या सहरीच्या, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या पहाटेच्या जेवणाच्या, वेळी घेता येतील का, ते महिना सुरू होण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ठरवा. नजर धूसर झाली, लाल-हिरवा फरक कळेना किंवा डोळे पिवळे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना.

निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेतली नोंदणी आणि रुग्णाला सरकारकडून मिळणारे पोषणाचे पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे बँक खात्यात येतात आणि खातं नसल्याने अनेकांना ते मिळत नाहीत. पण पैसे नाहीत म्हणून उपचार थांबता कामा नयेत. रेशनची सोय संस्थांकडून पहिल्याच आठवड्यात लावा, कारण रिकाम्या पोटी गोळ्यांनी मळमळ होते आणि कचरा वेचून जगणारं माणूस काम बुडायला नको म्हणून गोळीच सोडतं. कुटुंब जम्मूला किंवा हैदराबादला निघालं, तर जाण्याआधी निक्षयवर तिथल्या केंद्राकडे बदली करून घ्या आणि प्रवासात पुरतील इतक्या गोळ्या हातात द्या.

लसीकरणाचं तुलनेने सोपं आहे. लसीचं कार्ड असेल तर राहिलेल्या डोसपासून पुढे जा, मालिका पहिल्यापासून सुरू करू नका. कार्ड नसेल आणि आईला नक्की आठवत नसेल, तर लस झालीच नाही असं धरून वयानुसार सुरुवात करा. नवं कार्ड तिथेच मागून घ्या आणि त्याचाही फोटो लगेच काढा.