दात्यांच्या सूचीत बहिणाबाई का सापडत नाहीत

बहिणाबाई चौधरींवर प्रबंध लिहायला घेतलेला जळगावकडचा विद्यार्थी वाचनालयात आला, की बहुधा थेट समीक्षेच्या कपाटाकडे वळतो. संदर्भ विभागातले ग्रंथ घरी मिळत नाहीत, तिथेच बसून टिपणे काढावी लागतात, त्यामुळे त्या विभागातल्या कपाटांना फारसे कोणी हात लावत नाही. माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हावी. मात्र कोणताही संदर्भग्रंथ उघडताना त्याची कालमर्यादा आधी पाहावी.

शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा पहिला भाग १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५० या काळातील छापील ग्रंथांचा आहे. तीत बहिणाबाईंचा संग्रह मिळत नाही, यात सूचीचा दोष नाही: त्या डिसेंबर १९५१ मध्ये वारल्या आणि त्यांची गाणी आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. धरणगावात जन्मलेल्या बालकवींची (१८९०–१९१८) अडचण निराळी आहे. त्यांचा काळ सूचीत बसतो, पण त्यांची कविता आधी मासिकांतून विखुरली होती. म्हणून तिथे नियतकालिकांची सूची हाताशी हवी.

कोशांचे काम याहून रंजक आहे. अमुक शब्द बहिणाबाईंनीच घडवला, असे विधान करण्याचा मोह पुष्कळांना होतो (व्याख्यानांतून तर फारच). अशा वेळी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती काढावी. बहिणाबाईंचा जन्म १८८० चा, तेव्हा शब्द तिथे त्याच अर्थाने आढळला, तर ते विधान तिथेच निकालात निघते. नाही आढळला, तरी एवढ्याने ते सिद्ध होत नाही, कारण घराघरांत बोलली जाणारी लेवा बोली किंवा अहिराणी कोशकारांपर्यंत कितपत पोहोचली होती, हा प्रश्न उरतोच. मग दाते-कर्वे (हे दाते म्हणजे यशवंत रामकृष्ण, सूचीकार नव्हेत) यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड पाहावेत, आरंभीची संक्षेपांची यादी न वाचता त्यांतल्या नोंदी वाचू नयेत, कारण शब्द कोणत्या प्रांतातला आणि उदाहरण कोणत्या ग्रंथातले, हे त्या एक-दोन अक्षरांतच सांगितलेले असते.

छपाईपूर्वीच्या वाङ्मयासाठी मात्र ही साधने अपुरी पडतात. तेव्हा धुळ्याला जावे. राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर या दोन्ही ठिकाणी हस्तलिखितांचे संग्रह आहेत. जाताना कवीचे नाव, काळ आणि कृतीची पहिली ओळ टिपून न्यावी, कारण एकाच नावाचे अनेक कवी असतात आणि नुसत्या नावावरून नेमके बाड हाती लागणे कठीण जाते.