घर पडलं हे मान्य, घर होतं हे अमान्य

२२ जुलै २०२१. कोकणातल्या नदीकाठच्या गावांत ही तारीख सांगितली की पुढचं सांगावं लागत नाही. आमच्याकडे पाणी माळ्याच्या तुळयांना लागलं. मागची भिंत बसली, पुढची फुगली. गावाचं आणि नगरपरिषदेचं नाव घेत नाही, घरपट्टी अजून तिथेच भरायची आहे.

मदतीबद्दल माझी तक्रार नाही. गुडघाभर चिखलातून येऊन नगरपरिषदेच्या माणसांनी पंचनामा केला, फोटो काढले, आमच्या सह्या घेतल्या. सरकारने ३ ऑगस्टला ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यातले कुटुंबाचे १०,००० आणि अर्ध्या पडझडीचे ५०,००० खात्यात आले. पंचनाम्याची प्रत तेवढी त्याच वेळी मागून घ्या. मी घेतली होती, नुसती सवय म्हणून.

डागडुजी करून दोन पावसाळे काढले. मग ठरवलं, पाडून नवीनच बांधू. इंजिनिअरने नकाशे केले आणि पहिल्याच भेटीत सांगितलं, जागा निळ्या रेषेच्या आत आहे, म्हणजे नेहमीचा पूर जिथवर येतो त्या हद्दीत. नदी आणि निळी पूररेषा यांच्यामध्ये नवीन बांधकाम होत नाही. जुनं अधिकृत घर पाडून पुन्हा बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या, म्हणजे क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या, पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर हवं आणि जलसंपदा विभागाचा ना-हरकत दाखला हवा. आम्ही म्हटलं ठीक, खांबांवर बांधू. दाखलाही मिळाला. अडलं ते ‘अधिकृत’ या एका शब्दावर.

नगरपरिषदेच्या बांधकाम विभागातल्या कारकुनाशी झालेला संवाद मला पाठ आहे.

“जुन्या घराच्या परवानगीची प्रत आणा.”

“ती तुमच्याकडेच असेल ना, भाऊसाहेब?”

“आमचं रेकॉर्ड पुरात गेलं, ताई.”

“आमचंही त्याच पुरात गेलं.”

“मग तसं लिहून द्या.”

“तुमचं गेलं, तसं तुम्ही लिहून द्या की.”

यावर ते चहाला गेले.

पुढच्या खेपेला घरपट्टीच्या पावत्या नेल्या, सासऱ्यांच्या नावाच्या, पिवळ्या पडलेल्या. कर भरला म्हणजे बांधकाम अधिकृत ठरत नाही, म्हणाले. मग पंचनाम्याची प्रत पुढे केली. त्यांचाच शिक्का, त्यांच्याच माणसाची सही. भाऊसाहेबांनी चष्मा वर करून वाचली आणि म्हणाले, “यात घर पडल्याची नोंद आहे. अधिकृत असल्याची कुठाय?” म्हणजे पैसे दिले त्या घराला, आणि परवानगीच्या वेळी ते घर कधी नव्हतंच!

चार महिने, अकरा खेपा. साहेब कधी मीटिंगला, कधी व्हिडिओ कॉन्फरन्सवर, कधी जिल्ह्याला. नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक बसलेले, त्यामुळे ज्यांच्याकडे रडावं तेही घरीच. एकदा तर माझा अर्जच सापडेना. तेव्हापासून मी चिटोरंसुद्धा आवक-जावकच्या खिडकीवर शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय देत नाही. तुम्हीही देऊ नका. टेबलावर ठेवून जा म्हणतात, ठेवू नका.

वाट दाखवली आमच्या गल्लीतल्या निवृत्त भूमापक काकांनी. म्हणाले, “अगं, तू चुकीच्या दारात उभी आहेस. सिटी सर्व्हेला जा आणि चौकशी नोंदवहीची नक्कल काढ.” काढली. गावाचं नगर भूमापन, म्हणजे सिटी सर्व्हे, झालं तेव्हा कुणाच्या जागेवर काय होतं त्याची नोंद, आजेसासऱ्यांचं नाव आणि पुढे ‘घर’. मला तिथेच रडू आलं. दुसरं काम त्यांनी सांगितलं ते माहिती अधिकाराचं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून मी एकच गोष्ट मागितली, आमच्या घराच्या जुन्या परवानगीची प्रत. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं, ‘मागणी केलेले अभिलेख पुरामुळे नष्ट झाल्याने उपलब्ध नाहीत.’ जे वाक्य चार महिने तोंडी ऐकत होते, ते सहीशिक्क्यानिशी मिळालं. ते पत्र आणि ती नक्कल जोडून फाइल दिली, तीन आठवड्यांत परवाना. आता इंजिनिअर आपली इतर गिऱ्हाइकं माझ्याकडे पाठवतो, याचा मला थोडा गर्वच आहे.

हो, एक राहिलं. मोजणीचा अर्ज सगळ्यात आधी टाका, नकाशे करायच्याही आधी. ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात यायला वेळ जातो आणि तिच्यावाचून फाइल पुढे सरकत नाही. आम्ही उलट केलं आणि नकाशांचे पैसे दोनदा मोजले.

घर उभं राहिलं. खाली खांब आणि स्कूटर, वर आम्ही. सासूबाई पायऱ्या मोजत चढतात आणि दर वेळी एखादी जास्तच भरते. भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे घर वापरायच्या परवानगीची, फाइल अजून साहेबांच्या टेबलावर आहे. वाढीव घरपट्टीची नोटीस मात्र गेल्या आठवड्यात घरपोच आली. शिपायाने वही पुढे केली, “ताई, पोच द्या.”