शहादा म्हणजे नुसता 'डेटा' नव्हे

माझा एक लेख परीक्षकांकडून परत आलाय. लेख नंदुरबारकडच्या शहाद्यातल्या भिल्ल मजुरांच्या चळवळीवरचा. शेरा असा: शहाद्याची माहिती मोलाची आहे, पण सिद्धांत कुठाय? खाली कुणाकुणाला वाचायचं त्यांची यादी, सगळे युरोप-अमेरिकेतले. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

मेलबर्नला मी क्रिटिकल सोशल वर्क शिकवते. आमची मोठी माय फोनवर विचारते, "तू तठे काय शिकाडस वं?" तिला सांगते, अडलेल्याला हात द्यायचाच, पण तो अडतो कुणामुळे आणि हात देणारा कुणाच्या पगारावर आहे, हेही विचारायला शिकवते.

इथे या विषयाची वंशावळ बहुतेक वेळा १९७५ पासून सांगतात, ब्रिटनमध्ये रॉय बेली आणि माइक ब्रेक यांनी संपादित केलेल्या पुस्तकापासून. पुढे कॅनडात बॉब मुलाली, ऑस्ट्रेलियात जॅन फूक. दोघांची महत्त्वाची पुस्तकं १९९३ ची. ही माणसं मोठीच आहेत, मी ती मनापासून शिकवते. पण शहाद्यात श्रमिक संघटना १९७२ मध्येच उभी राहिली होती! आणि त्याच्याही आधीपासून अंबरसिंग सुरतवंती, आपले अंबरसिंग महाराज, सर्वोदयाच्या कामातून येऊन भिल्लांच्या हातून गेलेल्या जमिनींसाठी गावं पालथी घालत होते.

सालदारकीचंच घ्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर मालकाच्या शेतात राबणं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरतं. सालदार उचल घेतो, आजारपण आलं की आणखी घेतो, साल संपताना हिशोब मालकाच्या वहीत, आणि अंगावर राहिलेल्या पैशापायी पुढच्या अखाजीला पुन्हा तोच मालक. ही वही माणसाला कशी बांधते, हे त्या चळवळीने ओळखलं होतं. मजुरीच्या लढ्यात उतरलेल्या भिल्ल बायका तर त्याच्याही पुढे गेल्या. वाढलेली मजुरी गुत्त्यात जाते आणि घरी मार येतो, हे त्यांनी एकाच धाग्यात पाहिलं, आणि गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. मालक, कर्ज, दारू, नवऱ्याचा हात, सगळं एकत्र मांडणं हा सिद्धांत नाही, तर मग काय आहे? तेच इंग्रजीत, विद्यापीठाच्या लेटरहेडवर आलं की 'स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिस' होतं.

आता इथलं जे मोठं आहे, तेही सांगते. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून नेण्यात आपल्या व्यवसायाचाही हात होता, हे इथल्या समाजकार्यकर्त्यांच्या संघटनेने २००४ मध्ये जाहीरपणे मान्य केलं. मी ते वर्गात शिकवते आणि कुणी मला अडवत नाही. उद्या हेच काम करणारी मुलं खाली मान घालून ऐकतात, मग प्रश्न विचारतात. आपल्याकडे आश्रमशाळांवर असा तास झालेला मी तरी पाहिला नाही. धरणगावला १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभारली, ती आपण अजून 'भिल्लांना सुधारलं' अशीच वाचतो.

"एवढं शहादा शहादा करतेस, तर परत का येत नाहीस?" जळगावला गेले की हे ऐकावं लागतं. तिकडे तासिका तत्त्वावर शिकवलंय मी; मानधन महिनोन्‌महिने अडकायचं आणि कायम जागेसाठी काय मागितलं गेलं ते तुम्हाला सांगायला नको. इथे मला ग्रंथालय आहे, वेळ आहे, नोकरीची शाश्वती आहे. शहाद्याबद्दल लिहिणं इथूनच जमतंय, तर त्यात लाजण्यासारखं काय आहे?

लेख मी बदलणार नाही, दुसरीकडे पाठवणार आहे. शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव या भागात कुणाच्या घरी त्या काळची पत्रकं, शिबिरांच्या वह्या, चळवळीतल्या गाण्यांचे कागद असतील तर फोटो काढून पाठवा. ज्यांनी लिहिलं त्यांची नावंही कळवा; पुढच्या सत्रापासून ती माझ्या वाचनयादीत सिद्धांताच्या भागात असतील.