स्पोर्ट्स कारचा एअर फिल्टर: ओरिजिनल की आफ्टरमार्केट? माझा अनुभव

गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा तिच्या सर्व्हिसच्या कागदांमध्ये एअर फिल्टर बदलल्याची शेवटची नोंद फार जुनी होती. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, टर्बो नाही, ७००० आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला ७००० फेऱ्यांपर्यंत मोकळेपणाने फिरणारं. फिल्टर बदलणं हे अर्ध्या तासाचं काम, असं समजून मी सुरुवात केली. प्रत्यक्षात निर्णय पक्का व्हायला आठ महिने आणि तीन फिल्टर लागले.

पहिला फिल्टर मी घेतला तो आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीचा नव्हे तर बाहेरच्या कंपनीने बनवलेला: तेल लावलेल्या सुती जाळीचा, धुऊन पुन्हा वापरता येणारा. माझा हिशोब साधा होता. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांमध्ये आपल्या क्षमतेइतकी हवा ओढतं. म्हणजे हे इंजिन ७००० आरपीएमला मिनिटाला जवळजवळ साडेदहा हजार लिटर हवा घेणार. एवढ्या हवेच्या वाटेत कागदाच्या दाट घड्या कशाला, त्यापेक्षा मोकळी जाळी बरी, असं मला मनापासून वाटलं. फिल्टर बसवला आणि पहिल्याच दिवशी इंजिनाचा आवाज बदलला. ॲक्सिलरेटर दाबला की पुढून एक खोल, घुमणारा सूर यायचा. तो सूर मला अजूनही आवडतो. पण गाडी जास्त उचलतेय असं जे वाटत होतं, ते त्या सुरामुळेच वाटत होतं, हे कळायला वेळ लागला.

काही महिन्यांनी फिल्टर धुवायची वेळ आली. धुतला, वाळवला, तेल लावलं. तेल सगळीकडे सारखं दिसेना म्हणून थोडं आणखी लावलं, आणि ते जाळीत मुरायला जेवढा वेळ द्यायला हवा तेवढा न देता फिल्टर आत बसवला. तीन आठवड्यांनी चेक इंजिनचा दिवा लागला. कोड होता पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. स्कॅनरवर फ्यूएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोलच्या मापात करत असलेली दुरुस्ती, अधिक ११ टक्के (+११) दिसत होता.

मेकॅनिकने दुसरं काही न उघडता आधी हवा मोजणारा सेन्सर बाहेर काढला. "हे बघा," म्हणाले, "तार चकचकतेय. ही कोरडी दिसायला हवी." या सेन्सरमध्ये एक बारीक तार विजेने तापवलेली असते. हवा तिला थंड करते, आणि तिला ठरलेल्या तापमानावर ठेवायला किती वीज लागली त्यावरून हवा किती आली ते कळतं. तारेवर तेलाचा थर बसला आणि त्यावर धूळ चिकटली की ती झाकली जाते, आलेली हवा कमी दाखवते आणि कॉम्प्युटर पेट्रोल कमी सोडतो. मग इंजिनाच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर ओरडतो आणि ट्रिम वर चढतो. सेन्सरसाठीच्या खास स्प्रेने तार साफ केल्यावर आकडा अधिक ३ वर आला. चूक माझी होती, फिल्टरची नाही. पण दर धुण्याला तीच चूक होण्याची वाट उघडी राहणार होती, हेही तितकंच खरं.

म्हणून फिल्टर हवेला खरंच किती अडवतो ते मी मोजायचं ठरवलं. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी इंग्रजी यू अक्षरासारखी एका उंच फळीवर बांधली आणि तिच्यात रंगीत पाणी भरलं. एक टोक मोकळ्या हवेत, दुसरं फिल्टरनंतरच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपवरच्या एका न वापरलेल्या तोटीला. अशीच दुसरी नळी एअरबॉक्सच्या, म्हणजे फिल्टर ज्यात बसतो त्या डब्याच्या तळाशी पाणी निघून जायला असलेल्या भोकातून, फिल्टरच्या अलीकडच्या बाजूला. ट्रॅकवर मित्र शेजारी फळी धरून बसला, मी पूर्ण थ्रॉटल दिला आणि तो आकडे ओरडून सांगत गेला. एकच फेरी धरायची नाही म्हणून प्रत्येक फिल्टरच्या पाच-पाच फेऱ्या केल्या.

नव्या ओरिजिनल कागदी फिल्टरनंतरचा, बाहेरच्या हवेशी दाबाचा फरक साधारण २१० मिलिमीटर पाण्याइतका आला. पण त्यातले १५० मिलिमीटर फिल्टरच्या आधीच, पुढचा हवेचा पाइप आणि एअरबॉक्सची वळणं यांतच गेलेले! फिल्टरच्या वाट्याला फक्त ६०. सुती फिल्टरला ४०. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तो फायदा २० मिलिमीटर. वातावरणाचा दाब पाण्याच्या भाषेत सुमारे १०,३०० मिलिमीटर भरतो. त्यातले २० म्हणजे ०.२ टक्के. अडीचशे हॉर्सपॉवरच्या इंजिनात अर्धा हॉर्सपॉवर, तोही पूर्ण थ्रॉटलला, अगदी वरच्या आरपीएमला. रोजच्या चालवण्यात तर हवा अडवते ती थ्रॉटलची झडप, तिथे फिल्टरचा प्रश्नच येत नाही. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीच्या २००९ च्या अहवालातही हेच आहे: फ्यूएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत चोक झालेला फिल्टर बदलल्याने मायलेज सुधारत नाही, वेग घेण्यात मात्र फरक पडतो.

याच सुमारास एअरबॉक्स काढून टाकून बोनेटखाली उघडा कोनासारखा फिल्टर लावायचा विचारही डोक्यात होता. तो मी इथेच सोडला. इंजिनाजवळची हवा दहा अंशांनी जास्त गरम मिळाली तरी तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी घटते. ०.२ टक्के मिळवायला तीन टक्के कोण घालवेल?

मग कागदीच घ्यायचा असं ठरलं, आणि इथे मी दुसरी चूक केली. "ओरिजिनलसारखाच" म्हणून मिळणारा एक स्वस्त कागदी फिल्टर आणला. घड्यांची संख्या मोजली तेव्हाच ती कमी भरली. चौकटीची कड दाबून पाहिली तर मऊ, बोटाचा ठसा राहील इतकी. तरीही एअरबॉक्सचं झाकण बसलं, क्लिपा लागल्या, म्हणून पुढे गेलो. दोन हजार किलोमीटरनंतर झाकण उघडून फिल्टरच्या पलीकडची, म्हणजे इंजिनाकडची स्वच्छ बाजू पांढऱ्या फडक्याने पुसली. फडक्यावर तपकिरी रेघ उमटली. एका कोपऱ्यापासून सुरू होऊन धुळीचा पट्टा सरळ थ्रॉटलकडे गेला होता. त्या कोपऱ्यात कड आत दुमडलेली होती आणि हवा फिल्टरमधून न जाता बाजूने जात होती.

त्या क्षणी मला खरंच वाईट वाटलं. इंजिनाला सगळ्यात जास्त घासणारी धूळ साधारण ५ ते २० मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), माणसाच्या केसाच्या जाडीच्या कितीतरी खाली. पिस्टन रिंग आणि सिलिंडर यांच्यात तेलाचा जो पातळ थर असतो, त्याच मापाचे हे कण; त्यामुळे ते नेमके तिथे शिरतात आणि दोन्ही बाजूंचा धातू खातात. महिनोन्‌महिने मी हवा किती जाते हेच विचारत होतो. हवेबरोबर काय जातं, हे मला फडक्याने दाखवलं.

यानंतर मी आयएसओ ५०११ या एअर फिल्टरच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणित चाचणीबद्दल वाचलं. यात फिल्टरवर ठरावीक मापाची धूळ सोडतात आणि तीन गोष्टी मोजतात: किती धूळ अडली, हवेला अडथळा किती झाला, आणि चोक होण्याआधी फिल्टरने किती धूळ पोटात घेतली. जाहिरातीत बहुतेकदा फक्त अडथळ्याचा आकडा असतो. आता कुणी आफ्टरमार्केट फिल्टर सुचवला की मी बाकीचे दोन विचारतो. ते छापलेले नसतील तर पुढे जात नाही. आणखी एक गोष्ट मला नवीन होती. कागदी फिल्टर थोडा मळला की आधीपेक्षा जास्त बारीक धूळ अडवतो, कारण अडलेली धूळच जाळीचं काम करू लागते. त्यामुळे दर महिन्याला फिल्टर काढून आपटायची माझी सवय मी बंद केली.

सध्या गाडीत ओरिजिनलच कागदी आहे, फक्त गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला नाही. गाडीतून निघालेल्या जुन्या फिल्टरच्या चौकटीवर मान-फिल्टर या फिल्टर बनवणाऱ्या कंपनीचं नाव कोरलेलं होतं. मग मी त्यांच्याच खोक्यातला आणला आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिले: तेवढ्याच घड्या, तशीच कडक कड, तोच साचा. ऑइल बदलताना त्याचा नमुना तपासायलाही देतो. त्यात सिलिकॉनचा आकडा बघायचा असतो, कारण वाळू-धुळीतून तो येतो. नव्या गॅस्केटच्या सीलंटमुळेही तो वाढू शकतो, म्हणून एका नमुन्यावर विसंबत नाही. स्वस्त फिल्टरच्या काळातल्या नमुन्यात तो चढलेला होता, नंतरच्या दोन्हींत उतरला.

सुती फिल्टर फळी धरून बसलेल्या मित्राला दिला. त्याची गाडी फक्त ट्रॅकवर धावते आणि दर सीझनला तो इंजिन उघडतो, त्याला तो बरोबर आहे. देताना तेल मीच लावलं, थोडंच, आणि रात्रभर मुरू दिलं.