तुम्ही विचारलंत म्हणून: आत्या गेली त्याच वाड्यात पाहुणे?

लग्नात भेटा, बँकेत भेटा, लातूरच्या एसटीत भेटा, दोन वाक्यं झाली की हाच प्रश्न. आत्या भूकंपात गेली त्याच वाड्याचा होमस्टे करायला जीव कसा झाला? आणि करायचाच होता तर पाडून स्लॅब का नाही टाकला?

आधी स्लॅबचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्या भागात दगड-मातीच्या घरांनी माणसं मारली, हे मला कुणी सांगायला नको. पण भिंत पडली ती दगडाची होती म्हणून नाही. तिचा बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मधे नुसती भर. दोन्ही थरांना सांधणारा आरपार दगड कुठंच नव्हता. पाणी मुरून भिंतीला पोट आलेलं आणि वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, ओझं. आता आम्ही आरपार दगड घातलेत. भिंतींच्या माथ्यावरून चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा फिरवलाय, खांब-तुळयांच्या सांध्यांना तिरपे आधार दिलेत, माळवदावरची माती आठ इंचांवर आणलीय. वाईट बांधला तर स्लॅबही पडतोच.

हे मी आता घडाघडा बोलते. पण विशीत असताना मीच वडिलांशी, अण्णांशी, भांडले होते, तो वाडा जमीनदोस्त करा म्हणून. भूकंपानंतर कितीतरी रात्री आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढल्या आणि मातीच्या छताखाली पुन्हा झोपायचं नाही, असं मी ठरवलं होतं. त्या मुलीला आज आरपार दगड दाखवले तर तिला पटेल असं मला वाटत नाही.

खरं सांगायचं ते माळवद उकरलं त्या दिवसाचं. माजघर भूकंपाच्या रात्रीच बसलं होतं. ढाळज आणि सोपा उभे होते. सोप्यावरची माती काढताना मिस्त्रींनी मला वर बोलावलं. “ताई, हे थर बघा.” कडेनं कापलेली माती चपात्यांच्या चवडीसारखी दिसत होती. दर साली मिरगाच्या आधी गळती थांबावी म्हणून पांढरी माती टाकायची, चोपायची. जुनी कुणी काढायचं नाही. टेपनं मोजलं, दोन फूट भरली. मातीचं वजन घनमीटरला साधारण १६०० किलो. म्हणजे चौरस मीटरभर छतावर जवळपास एक टन. एवढ्याखाली आम्ही पिढ्यान्‌पिढ्या झोपत होतो.

एक ढेकूळ घेऊन मी खाली आले. अण्णा अंगणात खुर्चीवर बसले होते. त्यांनी ते हातात धरलं, बोटानं एकेक थर चाचपला. म्हणाले, “बहात्तरला टाकलीच नव्हती. पाऊसच नव्हता, गळणार काय?” मग बराच वेळ गप्प. आणि मग, “त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात माजघरावर दोन गाड्या जास्त टाकल्या मी. तिच्या अंथरुणावर गळत होतं.”

इतक्या वर्षांत हे त्यांनी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही. भूकंपाच्या रात्री गणपती विसर्जनाहून उशिरा आल्यामुळं मी ओसरीवरच आडवी झाले होते; आत्या आत गेली, आता गळत नाही म्हणून. मी अण्णांना म्हणाले, दोन गाड्यांनी काही होत नाही, भिंतच तशी होती. हे खरं आहे, की मी नुसती त्यांची समजूत घातली, ते मला आजही सांगता येत नाही. त्यांनी ढेकूळ परसात नेऊन लिंबाच्या बुडाशी ठेवलं. त्या संध्याकाळी मी मिस्त्रींना सांगितलं, पाडायचं नाही, नीट बांधायचं. का, ते तेव्हाही नीट सांगता आलं नव्हतं.

जुन्या वस्तूंवरूनही बोललं जातं. घंगाळ, लामणदिवा, जातं, आत्याची संदूक हे सगळं घरचं. बाकीचं मी भंगारात जाण्याआधी रास्त भावानं घेतलं, असं सांगत आलेय. शिसवी पलंगाबद्दल ते खरं नाही. त्या घरात पोराच्या फीची घाई होती. मला ते माहीत होतं, आणि मी भाव वाढवला नाही. परवा जाऊन उरलेले पैसे देऊन आले. त्यांनी घेतले, पण चहा विचारला नाही.

माजघर त्याच दगडांनी पुन्हा उभं केलंय. धान्य साठवायच्या बळदाचं तोंड तसंच ठेवलंय, छताला उजेडासाठी सवणं आहे. पाहुणे तिथं झोपतात, छान झोप लागली म्हणतात. तिथं कोण गेलं हे त्यांना आधी सांगावं की नाही, यावर माझं आणि धाकट्या भावाचं अजून एकमत नाही. मी अजून तिथं एकही रात्र काढलेली नाही. अण्णा उंबऱ्यापर्यंत येतात, वर बघतात, आणि माती किती आहे ते दर वेळी विचारतात. मी सांगते, आठ इंच.