तीस सेकंदांनी बंद पडणारा यूएसबी पोर्ट

गेल्या आठवड्यात लिनक्सवर चालणारा नवीन सर्किट बोर्ड हातात आला, बूट झाला, यूएसबीला मॉडेम लावला, लगेच दिसला पण. म्हटलं चला एक काम संपलं. आणि मग साधारण अर्ध्या मिनिटाने मॉडेम गायब. परत बूट केला, परत तेच, दर वेळी अगदी तेवढ्याच वेळाने. केबल बदलली, मॉडेम बदलला, दुसरा ॲडॅप्टर लावून पाहिला, काही फरक नाही. शेवटी व्हीबसवर, म्हणजे यूएसबी पोर्टला ५ व्होल्ट पुरवणाऱ्या तारेवर, मल्टिमीटर धरून बसलो तर ५ व्होल्ट दिसतायत, दिसतायत, आणि एकदम शून्य. म्हणजे पोर्टची पॉवरच कोणीतरी बंद करत होतं.

कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग नीट वाचला तेव्हा सापडलं, व्हीबस रेग्युलेटरच्या (ही पॉवर चालू-बंद करणाऱ्या भागाच्या) नावापुढे 'डिसेबलिंग' अशी एक ओळ. झालं असं होतं की डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डवर काय काय आहे हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये, मी रेग्युलेटर-फिक्स्डचा (ठरलेलं एकच व्होल्टेज देणाऱ्या रेग्युलेटरचा) नोड म्हणजे नोंद लिहिली होती, बूट-ऑन पण टाकलं होतं कारण कर्नलच्या आधी चालणारा बूटलोडर पोर्ट आधीच चालू करून देतो, पण यूएसबी कंट्रोलरच्या नोडमध्ये व्हीबस-सप्लाय ही ओळ टाकायचीच राहिली होती. मग कर्नलच्या दृष्टीने हा रेग्युलेटर कोणाचाच नाही, आणि ज्याला कोणी वापरत नाही असा चालू रेग्युलेटर कर्नल बूटनंतर ३० सेकंदांनी स्वतःहून बंद करतो, पॉवर वाचावी म्हणून. त्याचं बरोबरच आहे, आपणच त्याला सांगितलं नाही ना की ह्या तारेवर कोण जगतंय.

अशा वेळी बरेच जण ऑलवेज-ऑन, म्हणजे हा रेग्युलेटर कधीच बंद करू नको, असं टाकून मोकळे होतात. मी पण टाकलं आणि पोर्ट चालला, पण मला हे अजिबात पटत नाही. मॉडेम कधीतरी हँग होणारच, तेव्हा त्याची पॉवर काढून परत द्यायचा एकच रस्ता असतो आणि ऑलवेज-ऑनने तोच बंद होतो, कारण मग ड्रायव्हरने सोडला तरी रेग्युलेटर खाली येतच नाही. पाच मिनिटांचं काम वाचतं आणि लांब कुठेतरी बसवलेल्या बोर्डपर्यंत माणूस पाठवावा लागतो. म्हणून ती ओळ काढली, कंट्रोलरला व्हीबस-सप्लाय जोडला.

तरी पोर्ट मेलेलाच! आता तर पहिल्या सेकंदापासून. इथे माझा अख्खा दिवस गेला. रेग्युलेटर ज्या पिनने चालू-बंद होतो त्या जीपीआयओच्या ओळीत मी ॲक्टिव्ह हाय (पिन हाय केला की चालू) लिहिलं होतं, पोर्टची पॉवर तोडणाऱ्या-जोडणाऱ्या लोड स्विचचा इनेबल पिन पण हायलाच चालू होतो, मग अडचण काय? तर रेग्युलेटर-फिक्स्डमध्ये तो फ्लॅग चालतच नाही. जुन्या डिव्हाइस ट्री मोडू नयेत म्हणून तिथे इनेबल-ॲक्टिव्ह-हाय ही वेगळी प्रॉपर्टीच ठरवते, ती नसेल तर कर्नल ॲक्टिव्ह लो धरून चालतो. म्हणजे कर्नल 'चालू' म्हणत होता तेव्हा पिन लो जात होता. आणि ऑलवेज-ऑन असताना पोर्ट चालला कसा, ह्याचं उत्तर शोधल्यावर कळलं की त्या प्रयोगाच्या फाइलमध्ये ही प्रॉपर्टी होती, साफसफाई करताना मीच उडवली.

अजून एक, मिन आणि मॅक्स मायक्रोव्होल्ट दोन्हीकडे ५०००००० लिहितो त्याने व्होल्टेज सेट होत नाही बरं का, ती फक्त कर्नलला दिलेली माहिती आहे. तिथे वेगळा आकडा लिहिला म्हणून पिनवर वेगळं काही येत नाही, जे येतं ते स्किमॅटिकप्रमाणेच, म्हणजे बोर्डच्या सर्किटच्या आराखड्याप्रमाणेच येतं. नोड लिहिताना स्किमॅटिक शेजारी उघडं ठेवा, लोड स्विचला ५ व्होल्ट जिथून येतात तो रेग्युलेटर व्हिन-सप्लायमध्ये द्या, स्विचला चढायला वेळ लागत असेल तर तो डेटाशीटमधून बघून स्टार्टअप-डिले मायक्रोसेकंदात द्या.

आता डीबगएफएसमधल्या (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइल्समधल्या) रेग्युलेटर समरीत व्हीबसच्या खाली यूएसबी कंट्रोलर नीट लटकलेला दिसतो, ड्रायव्हर अनबाइंड केला, म्हणजे कंट्रोलरपासून सोडवला, की मल्टिमीटर शून्यावर येतो, बाइंड केला की परत ५, आणि मॉडेम नव्याने उठतो. काल रात्री हे पन्नास वेळा लूपमध्ये चालवलं, एकदाही चुकला नाही.